मागच्या खोलीतला ट्रक

"आधी सांगायला काय होतं गं बाई तुला? आता हा एवढा मोठा वळवू कुठून?"

मागच्या खोलीच्या बंद दारातून हे वाक्य बाहेर आलं, तेव्हा वहिनी दाराला कान लावून मुळीच उभ्या नव्हत्या. त्या दारासमोरच्या कपाटाची वरची फळी पुसत होत्या. ती फळी सकाळीच पुसून झाली होती हे खरं, पण स्वतःच्या घरात माणसाने कुठली फळी कितीदा पुसावी याचा जाब कोणाला द्यावा असं वहिनींना वाटत नव्हतं.

आत त्यांचे यजमान भाऊसाहेब एकटे होते. म्हणजे जेवून आत शिरले तेव्हा तरी एकटे होते. पण त्यांचं वाक्य संपतंय न संपतंय तोच आतून एका बाईचा आवाज आला. गोड, शांत, जन्मात कधी न चिडलेला.

"शक्य असेल तिथे मागे फिरा."

"बरं, बरं. फिरतो," भाऊसाहेब म्हणाले.

वहिनींचं फडकं जागच्या जागी थांबलं. बाई होती, ते एक वेळ समजून घेता आलं असतं. जगात बायका असायच्याच. पण 'बरं, फिरतो'? लग्नाला इतकी वर्षं झाली, गाडीत शेजारी बसून वहिनींनी "अहो, इथून डावीकडे" म्हटलं की भाऊसाहेब हटकून सरळ जायचे, आणि पुढे रस्ता संपला की म्हणायचे, "रस्ताच अर्धवट बांधलाय." त्या माणसाला एका शब्दात फिरवणारी ही कोण?

भाऊसाहेबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण ते स्वतः सांगायला बसले तर थोडक्यात आटोपणार नाही. ते विमा कंपनीत, गाड्यांच्या अपघातांच्या विभागात होते. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की चूक कोणाची, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. चेपलेल्या पत्र्यावरून ते चालवणाऱ्याचा स्वभाव सांगत. "साहेब, खांब मध्ये आला हो," असं कोणी म्हणालं की ते चष्मा नाकावर खाली ओढून विचारत, "चालत आला का?" हा प्रश्न त्यांच्या कार्यालयात इतका गाजला होता की निरोप समारंभात प्रत्येक वक्त्याने तोच सांगितला, आणि प्रत्येक वेळी सगळ्यात मोठ्याने भाऊसाहेबच हसले.

आणि मग निवृत्तीनंतर एका सकाळी, अर्धी इमारत गॅलरीत चहा पीत उभी असताना, भाऊसाहेबांनी आपली गाडी मागे घेतली आणि फाटकाच्या खांबाला नेऊन टेकवली. 'टेकवली' हा त्यांचा शब्द. खांबाचा कोपरा अजून उडालेला आहे. खाली उतरून त्यांनी चष्मा नाकावर ओढला, खांबाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "हा खांब चुकीच्या जागी आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून गाडीवर आच्छादन चढलं ते चढलंच. "बॅटरी उतरलीय," भाऊसाहेबांनी घरात जाहीर केलं. मग वहिनींनी शेजारीपाजारी तेच सांगितलं. पहारेकऱ्याने विचारणाऱ्यांना तेच सांगितलं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, तरी त्यासुद्धा न विचारता सांगू लागल्या, "बॅटरी." खांबाचं नाव कोणी काढत नसे. फाटकातून जाता-येता माणसं त्या खांबाकडे न बघण्याची इतकी काळजी घेत, की नव्या माणसाला वाटावं तिथे कोणी देव बसवलाय.

आता एखाद्याची गाडी उभी राहिली म्हणून जग थांबत नाही. पण वहिनींची ताई डोंगरापलीकडे एकटी राहत होती, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि ती दर फोनला एकच विचारत होती, "कधी येतेस?" बस दोन ठिकाणी बदलावी लागते, सासूबाईंची कंबर ते सोसणारी नाही आणि त्यांना मागे एकटं ठेवता येत नाही. टॅक्सी बोलवावी, तर झाकलेल्या गाडीच्या शेजारूनच भाड्याच्या गाडीत चढताना अख्खी इमारत बघणार. भाऊसाहेब काही बोलले नसते. फक्त त्यांनी मान खाली घातली असती, आणि ती खाली गेलेली मान वहिनींना बघवली नसती. म्हणून त्याही फोनवर म्हणायच्या, "अगं, बॅटरी गं."

मागच्या वेळी ताई म्हणाली, "बॅटरी नवी बसवता येते. मी गुडघा नवा बसवला."

अशात एक मोठं खोकं घरी आलं. "काय आहे?" वहिनींनी विचारलं. "पाठीच्या व्यायामाचं यंत्र," भाऊसाहेब म्हणाले, आणि खोकं छातीशी धरून मागच्या खोलीत गेले. लेकीचं लग्न झाल्यापासून ती खोली रिकामीच होती. त्या दुपारपासून आतून कडी लागू लागली. आत घरघर चाले, जमीन थरथरे, मधूनच भोंगा वाजे. ती बाई बोले. आणि अगदी शेवटी एक बारीक आवाज येई: पीं, पीं, पीं. तो सुरू होई आणि लगेच तुटे. मग बराच वेळ काहीच नाही. मग भाऊसाहेब बाहेर येऊन न बोलता चहा पीत. व्यायामाने एवढं उदास झालेलं माणूस वहिनींनी तरी बघितलं नव्हतं.

समोरच्या काकूंना वहिनींनी यातलं काही सांगितलं नव्हतं. काकूंना सांगावं लागत नाही.

"शर्टाचा वास घेतलात का?" काकूंनी जिन्यात गाठून विचारलं.

"घेतला. बामचा येतो."

"बाम कोण लावून देतं?"

"मीच देते हो."

"हं," काकू म्हणाल्या. त्यांचा संशय कमी झाला असं मात्र नाही. "आणि ते पीं पीं? खूण असते ती. वाजलं की समजायचं, घरात बायको आहे."

"मी घरातच असते."

"म्हणून तर थांबतं ना ते!"

वहिनींनी सासूबाईंना बाजूला घेतलं. सासूबाई दिवसभर मागच्या खोलीच्या दारासमोरच खुर्ची टाकून बसत.

"आत कोणी बाई गेलेली बघितलीत का तुम्ही?"

"मला ऐकू कमी येतं," सासूबाई म्हणाल्या, "दिसतं चांगलं. बाई गेली नाही. गेली असती तर मी चहा विचारला असता."

इकडे हे, तर तिकडे खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तक्रार केली. मास्तर दुपारी शिकवण्या घेत. डोक्यावर ट्रक सुरू करून ठेवल्यासारखं वाटतं, दिवा हलतो, आणि मुलं गणिताऐवजी दिव्याकडे बघतात, असं त्यांचं म्हणणं. इमारतीच्या सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक काढलं. निवासी आवारात अवजड वाहन उभं करायला मनाई, हे कलम त्यात निघालं. त्यांनी ते टाइप करून फलकावर लावलं आणि मास्तरांना घेऊन भाऊसाहेबांच्या दारात आले.

"ट्रक कुठे लावता?"

"माझ्याकडे ट्रक नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मग आवाज कसला?"

"पाठीचा व्यायाम करतो."

"पाठीला भोंगा असतो?" मास्तरांनी विचारलं.

भाऊसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांचे जबाब घेतले, त्याला स्वतःच्या उंबऱ्यावर पायजम्यात उभं राहून जबाब द्यावा लागावा! "पाहणी करायची तर रीतसर करा," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. सेक्रेटरींनाही रीतसर शब्द फार आवडतो. त्यांनी संयुक्त पाहणी ठरवून टाकली. पुस्तकात लिफ्टमधून वर नेता येणाऱ्या ट्रकासाठी कलम नव्हतं, म्हणून तारीख मात्र पुढची मिळाली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. दाराला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून गेले. लेक शिकत होती तेव्हापासून त्या खोलीची दुसरी किल्ली वहिनींच्या शिवणाच्या डब्यात असते, हे या माणसाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्यांचे खोटे दावे पकडणारी माणसं घरी अशीच असतात.

वहिनी दबकत आत शिरल्या. सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, "दार लोटून घे. मी बघते इकडे."

आत बाई नव्हती. लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाला पकडीने आवळलेलं एक चाक होतं, गाडीचं असतं तसं. खाली पायाशी ब्रेक वगैरे, आणि ते सरकू नयेत म्हणून त्यांच्या मागे दोन जाडजूड शब्दकोश लावलेले. खुर्चीच्या बुडाशी कपडे वाळत घालायच्या दोरीने एक डबा बांधलेला; तो थरथरला की खुर्ची थरथरायची, आणि मास्तरांचा दिवाही. समोर पडदा. पडद्यावर एक लालभडक ट्रक, मागे लांबलचक ट्रेलर, आणि पुढे मोकळा रस्ता.

पाठीचं यंत्र ते हे. वहिनींना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच पुढचा संशय आला. खेळच होता, तर लपवायचा कशाला?

त्या खुर्चीत बसल्या. फक्त बसून बघायला. पाय पोचेनात, म्हणून खुर्ची पुढे ओढली. एक बटण दाबलं, तर बुडाखाली सगळं घरघरू लागलं आणि ती बाई म्हणाली, "सरळ चला."

"चला तर," वहिनी म्हणाल्या. "बघू तू यांना नेतेस तरी कुठे."

वहिनींना गाडी येत नव्हती असं समजू नका. लग्नाच्या आधी त्या रीतसर शिकल्या होत्या, परवानाही होता. लग्नानंतर भाऊसाहेब शेजारी बसून दर वळणाला "इथे धडक झाली असती तर चूक तुझी," असं सांगत राहिले, आणि वहिनींनी एक दिवस चावी त्यांच्या हातात दिली ती दिलीच. परवान्याची मुदत मात्र भाऊसाहेबांनी एकदाही संपू दिली नाही. कागद जुना झालेला त्यांना खपत नसे. बायकोने चाकाला हात लावावा अशी त्यात काही योजना नव्हती.

त्या बाईने वहिनींना दोन पूल आणि एक बोगदा दाखवला. वहिनींनी एका कुंपणाला, एका पाटीला आणि उभ्या असलेल्या एका टेम्पोला स्पर्श केला. शेवटी बाई म्हणाली, "आपण पोचला आहात." सिमेंटच्या कारखान्याचं आवार. दुपारचं ऊन, माल उतरवायचे रांगेतले धक्के, आणि पडद्यावर प्रश्न: ट्रेलर मागे घेऊन धक्क्याला लावणार, की इथेच फाटकाशी सोडणार?

वहिनींनी सहज मागचा गिअर टाकून बघितला. आणि खोलीत आवाज घुमला: पीं, पीं, पीं.

त्यांचा हात आपोआप चाकावरून सुटला.

दारामागून रोज दुपारी ऐकलेलं सगळं त्यांना आता उलगडलं. ती बाई या माणसाला कुठेही नेत नव्हती. भाऊसाहेब रोज डोंगर, बोगदे, पूल पार करून इथवर येत होते, मागचा गिअर टाकत होते, आणि थांबत होते. इथे खांब नव्हता, गॅलरी नव्हती, चहा पिणारी इमारत नव्हती. तरी थांबत होते. आणि मग फाटकाशी माल सोडून, चहाला बाहेर येत होते.

वहिनींनी ट्रक होता तिथे नेऊन उभा केला, खुर्ची अंदाजाने मागे सरकवली आणि बाहेर आल्या. "बाई सापडली?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय सापडलं?"

"बॅटरी," वहिनी म्हणाल्या.

यानंतर खरं तर वहिनींनी त्या खोलीत जायचं काही कारण नव्हतं. पण भाऊसाहेब फिरायला बाहेर पडले की यांचे पाय तिकडे वळू लागले. मागे घ्यायला एवढं अवघड असतं तरी काय, ते बघावं म्हणून. ट्रेलर मोठा आडमुठा निघाला. चाक डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जायचा. सुरुवातीला त्यांनी कारखान्याचं बरंच नुकसान केलं. मग लक्षात आलं, की हे तर आपल्याला येतं! संसार काय वेगळा चालवला? भाऊसाहेबांना डावीकडे न्यायचं तर उजवीकडचं सुचवायचं, हळूहळू, आरशात बघत, आणि पोचल्यावर 'तुम्हीच आणलंत' म्हणायचं. ट्रेलर सुतासारखा सरळ मागे जाऊन धक्क्याला टेकला. पडद्यावर रोषणाई झाली. वहिनींनी आजूबाजूला बघितलं. शाबासकी द्यायला कोणी नव्हतं. त्यांनी ट्रेलर पुन्हा जोडला आणि गुपचूप फाटकाशी आणून ठेवला.

पण भाऊसाहेबही काही कच्चे नव्हते. टाकीत डिझेल कमी, काचेवरचे वायपर चालू, आणि खुर्ची त्यांच्या गुडघ्यांच्या मानाने पुढे! कोणीतरी आपला ट्रक चालवतंय! त्यांच्यातला जुना अधिकारी जागा झाला. त्यांनी घरातल्या प्रत्येकाकडे तिरक्या नजरेने बघायला सुरुवात केली. पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाला "मोठी गाडी चालवता का हो?" असं विचारून त्याला घाबरवलं. आईलाही सोडलं नाही.

"आई, काल संध्याकाळी मी बाहेर होतो तेव्हा तू कुठे होतीस?"

"कुठे असणार? तुझ्याच घरात."

"खोलीत कोण गेलं होतं?"

"मला कमी ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूने जाड रेघ आखली, अपघाताच्या जागी आखतात तशी. आणि पाहणीच्या दिवशी, 'रीतसर म्हणजे काय' यावर सेक्रेटरींशी वाद घालायला खाली गेले. वाद म्हटला की त्यांना वेळेचं भान नसतं, हा वहिनींचा अनुभव. त्या निश्चिंतपणे आत जाऊन बसल्या. ट्रेलर मागे घेतला, अगदी अलगद धक्क्याला लावला, आणि तेवढ्यात बाहेरून सासूबाई ओरडल्या, "आले! सगळेच आले!"

सेक्रेटरींना दुसरीकडे जायचं होतं म्हणून त्यांनी भाऊसाहेबांचं म्हणणं मान्य करून टाकलं होतं, आणि सगळ्यांना घेऊनच ते वर आले होते. ट्रक फाटकाशी न्यायला वेळच नव्हता. वहिनी खुर्ची ढकलून कशाबशा बाहेर पडल्या, कुलूप लावलं आणि कपाटाची फळी पुसू लागल्या.

सेक्रेटरी, मास्तर, आणि पाहणीशी काडीचा संबंध नसलेल्या समोरच्या काकू असे सगळे खोलीत शिरले. सासूबाईंनी आपली खुर्ची उंबऱ्यापर्यंत ओढून घेतली.

"हा ट्रक?" सेक्रेटरींनी चाकाकडे बघत विचारलं.

"खेळ आहे," भाऊसाहेब भिंतीकडे बघत म्हणाले. तेवढे दोन शब्द उच्चारायला त्यांना खूप कष्ट पडले.

"आणि बाई?" काकूंना राहवलं नाही. तेवढ्यात ती बाईच म्हणाली, "आपण पोचला आहात," आणि काकूंचा चेहरा पडला.

भाऊसाहेबांचं मात्र कोणाकडे लक्ष नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते. ट्रेलर धक्क्याला पाठ लावून उभा होता. दोन्ही बाजूंना सारखं अंतर सोडून, जराही तिरका नाही. त्यांनी चष्मा नाकावर ओढला. मग खाली बघितलं. खडूची रेघ पुसली गेली होती. त्या रेघेपासून फिकट पांढरे ठसे निघाले होते, दारातून बाहेर गेले होते, आणि कपाटासमोर, वहिनींच्या चपलांखाली संपत होते.

सगळ्यांनी त्या चपलांकडे बघितलं. वहिनींनीही बघितलं, त्या दुसऱ्याच कोणाच्या असाव्यात तसं.

"तू?" भाऊसाहेब म्हणाले.

"फळी पुसत होते," वहिनी म्हणाल्या.

"मागे घेतलास?"

आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. "घेतला," त्या म्हणाल्या.

"मागे उभं राहून बघायला कोणी नसताना?"

"दोन आरसे आहेत ना."

भाऊसाहेब पुन्हा पडद्याजवळ गेले. इतक्या वर्षांत त्यांनी हजार गाड्या तपासल्या असतील, पण एखाद्या गाडीकडे ते एवढा वेळ बघत राहिलेले कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी धक्का बघितला, अंतर बघितलं, चाकं बघितली. "एकही ओरखडा नाही," ते हळूच म्हणाले.

मास्तरांना वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. शिक्षकांना शांतता सोसत नाही. "मग एवढी हौस आहे तर खाली गाडी का उभी?" त्यांनी विचारलं.

खोलीत एकदम गडबड उडाली. "पेट्रोल किती महागलंय," काकू घाईघाईने म्हणाल्या. "आवारात वळायला जागाच नाही, मी समितीत कितीदा सांगितलं," सेक्रेटरी म्हणाले, आणि हे त्यांनी कधीच सांगितलेलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "धूळ फार आहे हो हल्ली." इतक्या माणसांनी मिळून एका माणसावर इतक्या घाईने पांघरूण घातलं, की स्वतः मास्तरही ओशाळून म्हणाले, "हो, हो, धूळ आहेच."

भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून गाडीची चावी काढली. तिच्यावर खरोखरच धूळ होती. त्यांनी ती शर्टाला पुसली आणि वहिनींपुढे धरली.

"ताईंना फोन कर. रविवारी येतो म्हणावं, तिघंही. चालवणार तू आहेस."

वहिनींनी चावीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. सगळ्यांच्या देखत तो कसा करायचा, ते त्यांना कळेना. "अहो, पण बॅटरी..." त्या म्हणाल्या.

"बॅटरी!" उंबऱ्यातून सासूबाईंनीही साथ दिली.

"बॅटरीला काही झालेलं नाही, आई," भाऊसाहेब म्हणाले. आईला ऐकू जावं म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. "आणि खांबही जागेवरच होता. मला भीती वाटते."